तळाचं भोक

प्रिय चिमणे,

तुला आठवा महिना लागला तरी चिमणीच म्हणणार, रागावू नकोस. परवापासून तुझा फोन लागत नाही. आई म्हणते, डोंगरावर असं होतंच. मी मान हलवतो आणि पुन्हा फोन लावतो. तुझा फोन दवाखान्याच्या गच्चीवरच्या वायरलेस यंत्रावर चालतो, आणि ते यंत्र ज्या पेटीत आहे ती मीच बनवलेली. खालून रुग्णवाहिका बोलवायची तर त्या पेटीशिवाय मार्ग नाही. गावभरची बाळंतपणं तू करतेस, पण तुझ्या वेळी कोण आहे?

लहानपणी तू माझ्या कारखान्यात आलीस की पेट्यांची परीक्षा तूच घ्यायचीस. आत वर्तमानपत्राचा कागद ठेवायचा, झाकण आवळायचं, तासभर पाइपने पाणी मारायचं. कागदावर एक थेंब दिसला की मी नापास! एकदा तू विचारलंस, एवढं सगळं घट्ट बंद करून तळाला भोक कशाला पाडायचं? मी सांगितलं, दिवसा तापलेली हवा पहाटे गार पडते, पेटीत आतल्या आत पाणी धरतं, त्याला जायला वाट हवी. हे मी पुढे प्रत्येक नव्या कामगाराकडून घोकून घेतलं.

तुझी पेटी करताना मात्र माझी बुद्धी चळली. वर पाऊस आडवा येतो, असं तू म्हणाली होतीस. म्हटलं, लेकीच्या पेटीत मुंगीसुद्धा शिरता कामा नये. तळाचं भोक मी सिलिकॉनने बुजवून टाकलं. कागद ठणठणीत कोरडा निघाला आणि मी तो सगळ्यांना दाखवत फिरलो. तशीच एक जोडीची पेटी यंत्रासकट आमच्या छपरावर बसवली होती. काल ती उघडली. तळाला बोटभर पाणी, यंत्रावर हिरवा गंज. तुझ्या पेटीतही हेच झालं असणार. आईला अजून सांगितलेलं नाही.

म्हणून हे पत्र औषधांच्या गाडीबरोबर धाडतोय. सोबत नवं यंत्र आणि भोक पाडलेली पेटी आहे. ती दवाखान्याचा शिपाई बसवेल, तू शिडीवर पाय ठेवायचा नाहीस. मला फार भीती वाटते गं. मी स्वतःच यायला गाडीत चढलो होतो. पण ड्रायव्हरशेजारी एकच जागा आहे, आणि मी वर आलो तर मला मागे सोडून तू निघायची नाहीस. म्हणून उतरलो. ती जागा रिकामी येतेय, तुझ्यासाठी. सामान भरत बसू नकोस, आहेस तशी निघ.

वाटेकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच,
बाबा