‘ओपेक’ म्हणजे कोणाला ओपेक?

प्रिय आत्या,

जय भीम.

तुला जाऊन अकरा महिने झाले आणि पहिलं पत्र मी आज लिहितेय, तेही इथे अमेरिकेत, अर्विंगमधल्या आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून. सकाळचे आठ वाजलेत. सीट बेल्टसुद्धा काढलेला नाही. काल एक गोष्ट कळली. ती तुला सांगितल्याशिवाय आत जाववत नाहीये.

माझी मॅनेजर डॉना काल सहज घरच्यांबद्दल विचारत होती. मी म्हटलं, आत्यानेच मला वाढवलं, पण शेवटी तिला भेटता आलं नाही. ती हातातला कॉफीचा कप खाली ठेवून म्हणाली, “पण तू मला सांगितलं का नाहीस? दोन-तीन महिने तिथून काम करायची परवानगी मी काढली असती. याआधी काढलीय दुसऱ्यांसाठी!”

आत्या, मी विचारलंच नव्हतं गं!

तू आजारी पडलीस तेव्हा माझ्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला होता. इथे राहायला, काम करायला त्याची अडचण नव्हती. पण एकदा बाहेर गेलं की परत यायला नवा शिक्का लागतो, आणि तो दहा दिवसांत मिळेल की सहा महिन्यांत, कोणी सांगत नाही. मी वकिलाला मेल केला. त्याचं उत्तर आलं, ही प्रक्रिया ‘ओपेक’ आहे, म्हणजे आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, आम्ही अंदाज देऊ शकत नाही. तो मेल मी निदान वीस वेळा वाचला असेल. शेवटची ओळ होती, ‘प्रश्न असल्यास फोन करा.’ मी फोन केला नाही.

आणि तुला काय सांगितलं? “व्हिसा देत नाहीत गं, आत्या.”

खरं तर हे मला शोभत नाही. दम्यामुळे मी चौथीपर्यंत शाळेत गेलेच नाही. टेलिफोन एक्स्चेंजच्या ड्यूटीला निघायच्या आधी, भाजी निवडता निवडता, तूच माझी शाळा घ्यायचीस. एकदा ‘मिस्टीरियस’चा अर्थ मी झोकात ‘गूढ’ असा लिहिला, तर तू त्यावर काट मारलीस. “गूढ! कोणाले गूढ? सांग बरं!”

मग तू वहीत तीन पानं आखलीस. पहिल्यावर, कोणीतरी मुद्दाम लपवलेलं. क्रिप्टिक तिथे, आर्केनही तिथेच. आर्केन लिहिताना तुझा आवाज चढला होता. “माह्या आज्याले पोथीजवळ फिरकू देत नव्हते. अन् वरून म्हणत, हे ज्ञान लई गहन आहे, तुम्हाले नाही कळायचं. गहन कायचं? कुलूप लावलं होतं!” दुसऱ्या पानावर, अजून जगात कोणालाच न कळलेलं. तिथे एनिग्मा. आणि तिसरं पान, कळू शकतं, पण आपण विचारलं नाही. त्या पानावर तू मला एकही इंग्रजी शब्द लिहू दिला नाहीस. फक्त प्रश्न लिहायचा, आणि तो कोणाला विचारायचा त्याचं नाव. “या पानाले भारी शब्द नाही द्यायचा, पोरी. भारी शब्द दिला की माणूस इचारत नाही.”

‘इन्स्क्रूटेबल’ आठवतं? थांग न लागणारा. मी म्हटलं, शेजारच्या काकूंचा चेहरा! त्या रागावल्यात की नाही, काही कळतच नाही. “मग जाऊन इचार!” तू मला खरंच पाठवलंस. काकूंची दाढ दुखत होती. किती हसलीस तू!

आणि त्या तुझ्या मुलीने वकिलाचा एक शब्द उशाशी घेऊन चार महिने काढले.

तू जायच्या दोन रविवार आधीचा आपला व्हिडिओ कॉल मला विसरता येत नाही. तुझ्या नाकात ऑक्सिजनची नळी होती.

“कधी येतेस?”

“आत्या, ती प्रोसेसच खूप ओपेक आहे गं.”

“ओपेक?” धाप लागली तरी तू थांबली नाहीस. “कोणाले ओपेक? त्या साहेबाले, का तुले?”

मी म्हटलं, “हॅलो? आत्या, नेटवर्क जातंय...” आणि फोन कापला. नेटवर्क गेलं नव्हतं. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

तुला कळलं होतं ना? मग ओरडली का नाहीस? पुन्हा फोन लावून एक शिवी तरी द्यायचीस! तू मला विचारायला शिकवलंस, पण उत्तर ‘नाही’ आलं तर त्याचं काय करायचं, ते कधी शिकवलंस का? मला तेवढीच भीती होती. डॉना नाही म्हणाली असती तर नोकरी की तू, हे मला निवडावं लागलं असतं. न विचारल्याने ते टळलं. तू गेलीस आणि निवडायचं राहिलंच नाही.

तेव्हापासून घर, ऑफिस, इंडियन ग्रोसरी, एवढंच चाललंय. फ्रीवेवर वेगमर्यादेच्या खालीच गाडी चालवते. पोलिसाने थांबवलं तर, कागदात काही निघालं तर! टेक्सासची सीमासुद्धा मी ओलांडलेली नाही. मला कोंडून घातलंय असं मी सगळ्यांना सांगते. दाराला कुलूप आहे का, हे मात्र मी हात लावून पाहिलेलं नाही.

पुढच्या महिन्यात तुझा पहिला स्मृतिदिन. घरी बुद्धवंदना आहे, भन्तेजी येणार आहेत. बाबा तीनदा विचारून झाले, “येशील का?” आणि मी तीनदा म्हटलं, “बघते.”

इथवर लिहिलं आणि पेन ठेवून बाबांना फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

“बाबा, मी येतेय.”

“आँ? व्हिसा झाला?”

“नाही. झाला नाही तरी येतेय.”

“किती दिवसांसाठी?”

“माहीत नाही, बाबा. खरंच माहीत नाही. महिना लागेल, सहा महिने लागतील. कदाचित नोकरी जाईल. मला भीती वाटतेय.”

त्यांनी तिकडे गॅस बंद केला. मग म्हणाले, “मग तुझी गादी पिंजून घेतो. कधीची तशीच पडलीय.”

आत्या, नऊ वाजता डॉना येते. आज मी तिला विचारणार आहे आणि वकिलालाही फोन करणार आहे. ते जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत बाबांना सांगेन. नाही म्हणाले, तरी तिकीट काढेन. तुझ्यासाठी उशीर झाला, तो भरून निघणार नाही. पण बाबांना मी पुन्हा कधी ‘नेटवर्क जातंय’ म्हणणार नाही, हा माझा शब्द.

नऊला पाच कमी आहेत. जाते.

तुझीच,
प्राची