ठिपका हलत नाही

मंगळवार, संध्याकाळ

आमची मुक्ता अमेरिकेत लाल कातळांच्या वाळवंटात एकटीच सायकलवर गेलीय. ती कुठे आहे, ते माझ्या मोबाईलवर निळ्या ठिपक्यानं दिसतं. तो ठिपका सकाळपासून एका दरीत थांबलाय. मुक्कामाला पोचल्यावर फोन करते म्हणाली होती कार्टी! तिकडे रात्र सरून उजाडलंसुद्धा. कुणाला विचारू? फणसवाडीत बसून मी करणार काय, बोटांनी ठिपका मोठा करून बघते. आजूबाजूला एक घर नाही.

"रेंज नसेल गं, उगाच घाबरतेस," असं हे दिवसभर म्हणतायत.

आत्ता कुकर लावून बाहेर आले, तर हेच चपला घालून, खिशात पाकीट टाकून दारात उभे.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही," म्हणाले. पण चपला काढेनात.