भरपूर उजेड, पण ऊन नको

प्रिय साडूभाऊ,

तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, म्हणून नमस्कार. पण कंबर धरली आहे, म्हणून अर्धाच. उरलेला भेटीत वसूल करा. तुमचे गुडघे काय म्हणतात? ताईंचा खोकला थांबला का? यापुढे ‘इकडे सर्व ठीक’ असं लिहायची पद्धत आहे, पण इकडे सर्व म्हणजे सध्या मी आणि एक कुंडी, आणि आम्ही दोघंही ठीक नाही.

कुंडी कुठली ते तुम्हाला सांगायला नको. नऊ वर्षांपूर्वी तुमच्याच झाडाची फांदी ओल्या कागदात गुंडाळून हिनं बाळासारखी मांडीवर घेऊन आणली (माझ्या मांडीवर दोन बॅगा होत्या, त्यांची चौकशी कुणी केली नाही), तेच ते कातरलेल्या पानांचं मॉन्स्टेरा. सात आठवड्यांपूर्वी हिला दवाखान्यात हलवायचं ठरलं, तेव्हा उंबऱ्यात थांबून हिनं एकच गोष्ट सांगितली: झाडाला उजेड बेतानं द्या. आता मला सांगा, मी एकेचाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. उजेडावरच पोट भरलं. अशा माणसाला उजेडाचा बेत शिकवायचा? मला रागच आला, पण गाडी दारात उभी होती म्हणून गिळला.

तिची पाठ वळल्यावर मी कपाटातून माझं उजेड मोजायचं मीटर काढलं आणि कुंडीशेजारी धरलं. काटा जागचा हलेना. ज्या कोपऱ्यात साध्या पासपोर्ट फोटोतसुद्धा माणसाचं नाक दिसणार नाही, तिथं या बाईनं नऊ वर्षं एक जीव डांबून ठेवला होता! मी कुंडी उचलली (कंबर धरली ती तेव्हाच) आणि समोरच्या मोठ्या खिडकीत ठेवली. मीटरचा काटा असा खुशीत आला की मलाच समाधान वाटलं. पाचव्या दिवशी पानांवर इस्त्रीनं भाजल्यासारखे तपकिरी डाग पडले. तेव्हा मी तुम्हाला फोन केला होता, आठवतं का? तुम्ही म्हणालात, “भरपूर उजेड, पण ऊन नको.” साडूभाऊ, वडीलधारे आहात म्हणून बोललो नाही, पण पोहायला जा आणि अंग ओलं करू नको, याला काय सल्ला म्हणतात?

तरी मी शब्द पाळला. स्टुडिओतला पांढरा पडदा खिडकीला लावला, दोन बाजूंना दोन पांढऱ्या छत्र्या उभ्या केल्या आणि राणीसाहेबांना मधोमध गोल स्टुलावर बसवलं. सूर्य सरकला की मी स्टूल फिरवायचो. दुपारची झोप गेली. ती छत्र्यांची आरास बघून वरच्या मजल्यावरचे बँकवाले भांग पाडून खाली आले आणि स्टुडिओ पुन्हा सुरू केलात हे बरं झालं, चार पासपोर्ट फोटो द्या, म्हणाले. झाडाला खाली उतरवून त्यांना स्टुलावर बसवलं. त्यांचा फोटो उत्तम आला. झाडाची मात्र दोन पानं आणखी गेली, कारण त्या गडबडीत मी पडदा सरकवलेला तसाच विसरलो आणि राणीसाहेब दुपारभर उन्हात जमिनीवर बसून राहिल्या. मग मीच स्वतःशी म्हटलं, अति तिथं माती, आता विश्रांती. गरम देशातलं झाड, त्याला दमट हवा लागते, म्हणून कुंडी मोरीत नेली. तिथं खिडकी वहीच्या पानाएवढी. आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं झालं. बारा दिवसांत उरलेली पानं हळदीसारखी पिवळी पडली, आणि मी आंघोळ करत असताना एकेक करून गळू लागली. अंगाला साबण लावलेला माणूस ते पान उचलून परत चिकटवता येतं का बघतो, हे दृश्य डोळ्यांपुढे आणू नका.

बरं, हे एवढ्यावर संपलं असतं. पण ही दवाखान्यात रोज विचारते. औषधाचं विचारत नाही, तपासण्यांचं विचारत नाही, झाड कसं आहे विचारते. मग एक दिवस म्हणाली, फोटो काढून आणा. मी आणला, चांगली बाजू पुढे करून. पुढच्या आठवड्यात चांगली बाजू उरली नव्हती, म्हणून छापलेल्या फोटोवर ब्रश चालवला. लोकांचे मुरूम, व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसण्यात हयात गेली माझी, पाच-सहा डाग काय चीज आहे! हिनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि फोटो उशीखाली ठेवला. कालचा फोटो तर मी तीन वर्षांपूर्वीच्या पाकिटातून काढून नेला होता.

(कंसात लिहितो, कारण बाहेर लिहायला हात धजत नाही. परवा डॉक्टरांनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. आता उपचार करण्यासारखं काही राहिलं नाही, घरी न्या, म्हणाले. किती दिवस, असं विचारलं, तर दोन महिने म्हणजे पुष्कळ, म्हणाले. हिला यातलं काही सांगायचं नाही असं मीच त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. हिला सांगितलं की रिपोर्ट सुधारले, म्हणून सोडताहेत. ताईंना एवढ्यात सांगू नका.)

पुढच्या शनिवारी ही घरी येते आहे. आल्या आल्या कोपऱ्याकडे बघणार, आणि तिथं एक काठी आणि दोन पिवळी पानं आहेत. माझी पाचावर धारण बसली आहे. झाडासाठी ती मला दहा शिव्या घालेल, त्या मी आनंदानं खाईन. पण सात आठवडे मी साळसूदपणे खोटं बोलू शकतो हे एकदा दिसलं, तर रिपोर्ट सुधारल्याचं तरी ती कशाला खरं मानेल? उरलेले दिवस तिनं भिंतीकडे बघत मोजावेत, हे मला सोसणार नाही. म्हणून हे लांबण लावलं.

घरातल्या सगळ्यांना यथायोग्य. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमचा,
कंबर धरलेला साडू

ता.क. तुमच्याकडचं मूळ झाड अजून आहे ना? ते शुक्रवारपर्यंत माझ्याकडे पोचतं करा. उंची साधारण खांद्याएवढी असावी. एखादं पान जास्त असलं तर मी कापीन. ताईंना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, तुम्हाला थापा माझ्याहून बऱ्या जमतात.

आणखी ता.क. झाड पाठवू नका.

पाकीट बंद करायच्या आधी दवाखान्यात जाऊन आलो. हिनं उशीखालचे तिन्ही फोटो काढून चादरीवर ओळीनं मांडले होते. म्हणाली, झाडाचं खरं काय ते सांगा. मी म्हटलं, झकास आहे. तेव्हा ही शांतपणे म्हणाली, “मग मीसुद्धा तशीच झकास असणार.”

मी सांगितलं. आधी झाडाचं, मग दुसरं. झाडाचं सगळं ऐकून घेतलं, मोरीचं ऐकून तर हसली, आणि एवढ्या मोठ्या खिडकीत ठेवतात का म्हणून पंधरा मिनिटं झापलं. दुसऱ्यावर फक्त किती दिवस एवढं विचारलं. तेही सांगितलं. माझा हात धरून म्हणाली, ताईला बोलावून घ्या, तिला फोनवर कळू देऊ नका, कुणीतरी शेजारी बसून सांगा.

तेव्हा हे पत्र ताईंना तुम्ही वाचून दाखवा, कंसातलंसुद्धा. त्यांना आधी खाली बसवा. आणि शनिवारची वाट बघू नका, मिळेल त्या गाडीनं दोघंही या. मी परवापासून तुम्हाला फोन लावतोय आणि तुम्ही उचललात की झाडाचंच विचारतोय.