अतिथीस शत्रू मानणारे रक्त

तीर्थस्वरूप कुमुदताई,

इसब या कुलपरंपरागत अलंकारावर मी आणि कन्या रेवती एकाच औषधाची इंजेक्शने घेत होतो. तिची त्वचा निवळली. माझ्या देहाने मात्र औषधालाच शत्रू ठरवून त्याविरुद्ध प्रतिपिंडे उभारली. डॉक्टर म्हणाले, ते आता निष्प्रभ आहे. मला काहीच वाटले नाही. खाजवून कोपरावर आलेले रक्त तेवढे पुसले.

रेवतीने विचारले, "बाबा, माझं अंगबी असंच करन का?"

गेल्या खेपेस मदतीला येऊन आमच्या क्वार्टरच्या दारातूनच परतताना तू म्हणालीस, "शाम्या, तुले कोनाची मदत सोसतच नाही." प्रयोगशाळेने ते प्रमाणित केले आहे. पोरीचे रक्त तुझ्या वळणावर जावो.

हे पत्र टाकणार नाही. वाचताच तू गोंदियाहून मदतीला निघशील.

तुझा सर्वप्रतिकारक्षम बंधू,
शामसुंदर
सेक्टर ६, भिलाई