राणीचे मासे

१४ जून
राणीचं पोट पार लालभडक. मागच्या पायाजवळचे केस गेले. घरमालक काका वरच राहतात. जिन्यात म्हणाले, कुत्रीला खरूज आहे, सगळ्या बिल्डिंगला लागेल, करमाडकडं कुठंतरी सोडून या. ऐकून घेतलं. उद्या डॉक्टर.

१५ जून
खरूज नाही! डॉक्टरांनी कातडी खरवडून तपासली, किडे नाहीत. बहुतेक खाण्याची ॲलर्जी. दूध-पोळी, टोस्ट, पाकिटातलं चिकनचं खाद्य, सगळं बंद. दोन महिने फक्त उकडलेला मासा, काटे काढून, आणि रताळं. मीठ नाही, मसाला नाही, दुसरं कणभर काही नाही. मग एकेक पदार्थ परत देऊन बघायचा, कशानं खाजतं ते.

मासा. या घरात. भाड्यानं घेतानाच काकांनी आडनाव विचारलं होतं. मग म्हणाले, मांसमच्छी चालणार नाही. आल्यापासून आईनं नि मी इथं अंडंसुद्धा फोडलं नाही.

१६ जून
पैठणच्या मामांना फोन. तिथं धरणाचा ताजा मासा. रविवारी तिकडंच उकडून डबे भरून आणायचे. आई म्हणाली, "कुत्रीला मिळणार अन् आपल्याला नाय व्हय?" हसली नाही.

७ जुलै
खाज बरीच उतरली होती, कालपासून परत सुरू. कळेना. शेवटी सापडलं, वरच्या काकू तिला गुपचूप टोस्ट देतात. लई जीव लावतात तिला. त्यानंच खाजत असेल म्हटल्यावर कळवळल्या. "मग खाते काय ती?"
भोपळा म्हणता आलं असतं.
"मासे," म्हणाले.

८ जुलै
काका खाली आले. आवाज चढवला नाही, त्याचाच जास्त राग आला. कुत्री घालवा नाहीतर घर सोडा. वर म्हणे, आमच्या गावची कुत्री पोळीवरच जगली. मी सांगितलं, प्रत्येक कुत्र्याचं अंग वेगळं, हिला सध्या हेच औषध. ते जायला वळले. माझ्या तोंडून निघून गेलं,
"आणि काका, आता डबे आणणार नाही. इथंच शिजवणार. तिचं अळणी, आमचं तिखट."
आई उठली, स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडून आली.

१३ जुलै
आईनं माशांचा रस्सा केला. या ओट्यावर पहिल्यांदा. लई वेळ जेवत बसली.

१८ ऑगस्ट
पोटावर मऊ केस आलेत. डॉक्टर खूश. पुढच्या आठवड्यात पोळीचा तुकडा देऊन बघायचा. भीती वाटते, पण कळायला तर पाहिजे.
गेटवर 'भाड्याने देणे'ची पाटी लागली. आम्ही सामान बांधलेलं नाही. बांधणारही नाही. करारात मासे कुठंच लिहिलेले नाहीत, दोनदा वाचला.
काकू जिन्यात बोलत नाहीत. राणीला नुसत्या कुरवाळतात, हात रिकामे.

१९ ऑगस्ट
एजंट घर दाखवायला एक जोडपं घेऊन आला. शेगडीवर मासे होते. तो नाकाला रुमाल लावून बाल्कनीत गेला, नवरा त्याच्यामागं. बाई मात्र स्वयंपाकघरात रेंगाळल्या. माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं,
"इथं चालतं का हे?"
"आम्ही करतो," म्हणाले.
एजंटनं दोनदा हाक मारली. बाई पातेल्याकडं बघत उभ्याच.