‘स्मृतिआरंभ’च्या निवृत्तीसाठी दुसरी व्यक्ती

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
बियाणे साठवण नोंदणी प्रकल्प, वाशीम.

विषय : सी या संगणकभाषेतील तयार फंक्शनांच्या लायब्ररीमधून ‘स्मृतिआरंभ’ हे कालबाह्य फंक्शन काढण्यास मान्यता मिळणेबाबत.
संदर्भ : आपली दि. ३ मार्च व दि. २१ एप्रिल २०२५ ची पत्रे.

महोदय,

१. मी रिसोड येथील उपकेंद्रात तंत्रज्ञ आहे. गोदामांतील ओलावा नोंदवणारी अकरा यंत्रे आपल्या लायब्ररीवर चालतात. पूर्वी यंत्र सुरू होताच ‘स्मृतिआरंभ’ला हाक मारून मेमरी कोरी करावी लागे. दोन वर्षांपासून लायब्ररी ते काम स्वतःच करते आणि जुन्या नोंदी परत मांडते. तरीही प्रत्येक नवा प्रोग्राम जुन्याची नक्कल करून लिहिण्याची आपली पद्धत असल्याने ‘स्मृतिआरंभ’ला हाक मारणारी ती पहिली ओळ सर्वत्र उतरली आहे. परिणामी वीज जाऊन आली की नोंदी परत येतात आणि लगेच पुसल्या जातात.

२. धनज येथील गोदामपाल श्री. भाऊसिंग राठोड यांनी दूरध्वनीवर सांगितले, “साहेब, लाइन गेली का तुमचं यंत्र सारं इसरून जाते. मी खडूनं दारावर लिहून राह्यलो.” दार भरले आहे. मागील हंगामात ओल वेळेवर न कळल्याने चाळीस पोती सोयाबीन बियाणे उगवले नाही. यंदाची पेरणी तोंडावर आहे.

३. बदल करताना दुसऱ्या व्यक्तीने शेजारी बसून प्रत्येक ओळ ऐकावी व सही करावी, असा नियम आहे. माझे सहकारी श्री. फय्याज नागपूरला गेल्यापासून शेजारची खुर्ची रिकामी आहे. ते फोनवर म्हणाले, “अबे, काढून टाक ना! काहून परवानग्या मागून राह्यला?” मला ते जमले नाही. दुसरी सही नसल्याने आपण माझा अर्ज परत केला. आणि काम एकट्याने सुरळीत चालत असल्याने त्यांचे पद भरण्याची निकड नाही, असेही कळवले. काम चालते, हे खरे आहे. मी ओळी मोठ्याने वाचून पाहिल्या. त्या खोलीत माझ्याच आवाजाचा मला संकोच वाटला, आणि एका ओळीत माझी चूक होती ती मला ऐकू आली नाही; ती दुसऱ्या दिवशी सापडली.

४. केंद्राची साफसफाई करणाऱ्या श्रीमती गोजराबाई यांनी हे पाहून विचारले, “बाबू, एकटाच कोनासंग बोलून राह्यला?” कारण सांगितल्यावर म्हणाल्या, “मंग मी बसतो ना. मले वाचता येत नाही, आयकता येते.” नियमात ‘जाणकार’ हा शब्द नाही; ‘दुसरी व्यक्ती’ एवढेच आहे.

५. तरी श्रीमती गोजराबाई यांना दुसरी व्यक्ती मानून त्यांचा अंगठा ग्राह्य धरावा. फंक्शन प्रथम रिकामे करून (म्हणजे हाक मारली तरी ते काही पुसणार नाही), वापरणाऱ्यांना इशारा देऊन, हंगामानंतर पूर्ण काढले जाईल. वाचन गुरुवार, दि. १९ जून रोजी सकाळी अकरा वाजता ठेवले आहे. अंगठा चालणार नसेल, तर तसे लेखी कळवावे. मी अन्य मार्ग शोधीन. मात्र त्या कारणाने गुरुवारचे वाचन रद्द करू नये. त्या “येतो” म्हणाल्या आहेत.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा, नम्र
प्रज्वल इंद्रभान बाजड
तंत्रज्ञ, उपकेंद्र रिसोड
दि. ९ जून २०२५

सोबत :
(१) फंक्शनच्या सत्तावीस ओळी, मराठी स्पष्टीकरणासह
(२) धनज गोदामाच्या दाराचे छायाचित्र