शेवटचा फर्मा

८ जानेवारी

एक पान वाचलं. घसा बसला.

जाऊबाई म्हणाल्या, "धाकटे, वाचतेयस की दगड फोडतेयस?"

मी म्हटलं, तुम्ही वाचा मग! म्हटलं आणि जीभ चावली. त्यांचे डोळे साखरेने गेलेत, उजेड-अंधार तेवढा कळतो. पण त्या हसल्या. बावीस वर्षांत माझ्यासमोर पहिल्यांदा. मला नाही हसू आलं.

ही वही त्यांच्याच हुकमाची. "कुठपर्यंत आलो, काय झालं, रोज लिहून ठेव. तुझं डोकं म्हणजे चाळण." मी काम करते त्या पुस्तकं बांधायच्या दुकानातल्या कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्या घेऊन मीच शिवली. लिहिणार मात्र माझ्या मनाचं. त्यांना थोडंच दिसतंय.

आज: पान एक. एक बाई नाव चालवते. नदी मोठी आहे. एवढंच.

९ जानेवारी

थोरल्या दिरांची पहारेकऱ्याची नोकरी. संध्याकाळी सहाला जातात. जाऊबाईंना एकटं ठेवायचं नाही असं डॉक्टर म्हणाला. किडन्या थकल्यात. मग नवरा मला म्हणतो, "माणुसकी म्हणून बस ना, त्यांना झोप लागेपर्यंत." माणुसकी याची, बसणार मी! नुसतं बसून काय करायचं, म्हणून जाऊबाईंनीच मला वाचायला लावलं.

मधे लाकडी फळ्यांची भिंत आहे. ते तिकडे, आम्ही इकडे. बावीस वर्षं त्या भिंतीतून त्यांचा खोकला ऐकला, भांडी ऐकली. गरजेपुरतं बोलले. तेही भिंतीकडे बघून.

आज पानं दोन. नाववाल्या बाईला एक मुलगी आहे. भांडून गेलीय कुठेतरी. नदीवर पूल बांधायला घेतलाय.

१३ जानेवारी

लिहायला वेळ नाही झाला. दुकानात शाळेच्या वह्यांचं काम अंगावर आलंय. बोटं दाभणाने सोललीत.

एकवीस वर्षं पुस्तकं शिवतेय आणि एक वाचलेलं नाही. आचाऱ्याची भूक मरते म्हणतात, तसं. छापखान्यातून मोठे छापील कागद येतात. एकाची घडी घातली की सोळा पानं, त्याला फर्मा म्हणायचं. नंबराप्रमाणे फर्मे लावायचे, दाभणाने शिवायचे, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. आत काय लिहिलंय त्याच्याशी आपला संबंध नाही. तिसरीत शाळा सुटली, छापील अक्षर कसंबसं लागतं. दुसऱ्याच्या हाताचं तर लागतच नाही.

हे पुस्तक अजून छापतायत. फर्मा येईल तसं आम्ही वाचतोय. डाग पडलेला, वाया गेलेला एखादा असतोच. तो पिशवीत घालून आणते.

१६ जानेवारी

पकडले गेले!

मालक म्हणाले, "पिशवीत काय?" दाखवलं. त्यांनी फर्मा बघितला, मला बघितलं. "तू वाचतेस? तू?" जसं काही मांजराने ताक घुसळलं. खरं सांगितलं – जाऊसाठी. म्हणाले, "वाया गेलेले ने. चांगल्याला हात लावलास तर बघ."

शेजारी बसणारी टाचणी – तिला आम्ही सगळ्या टाचणीच म्हणतो, बारीक आणि टोचरी – म्हणाली, "ज्या जाऊचं तोंड बघत नव्हतीस तीच का गं ही?"

मी म्हटलं, तोंड बघत नाही. पुस्तकात बघते.

२० जानेवारी

आज चांगलाच घोळ. तिसरा समजून चौथा फर्मा नेला. नेहमीची सवय, वरचा उचलायचा! वाचला. त्यात नाववाल्या बाईचा भाऊ बुडून मेलेला, सगळे रडतायत. जाऊबाई म्हणाल्या, "कधी मेला? काल तर जाळं विणत होता." मी म्हटलं, माणूस मरायला काय विचारून मरतो? वाचत सुटले. आठ पानं झाल्यावर नंबर बघितला.

धाव घेऊन तिसरा आणला. दुकान जवळच आहे म्हणून. त्यात भाऊ जिवंत, जेवतोय.

जाऊबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "जेवू दे बिचाऱ्याला. त्याला कुठे माहितीय." त्याचं ते साधं जेवण वाचताना मला काहीतरीच झालं. नीट वाचलं असतं तर झालं नसतं.

२१ जानेवारी

काही नाही वाचलं. त्यांना उलट्या.

२४ जानेवारी

आज लिहूनच टाकते. ही वही माझी आहे.

लग्न होऊन आले तेव्हा आई दोन दिवसांच्या रस्त्यावर. चार वर्षांत जाणं झालं नाही. तिला लिहिता येत नव्हतं, पोस्टमनकडून पत्र लिहून घ्यायची. इथे वाचायच्या जाऊबाई. सातवी झालेल्या ना! पाटावर बसायच्या, पत्र समोर धरायच्या, घडाघडा वाचायच्या. कपाळभर आठ्या, जसं कुणी वेठीला धरलंय. पण पत्रं! आई लिहायची – तुझी काठ दबलेली वाटी अजून कुणाला देत नाही. केस विंचरताना तुझीच आठवण. मांजरीला तीन पिल्लं झालीत, त्यातलं एक अगदी तुझ्यासारखं चिडकं. मी पत्र उशाखाली घेऊन झोपायचे.

शेवटच्या पत्रात वाचलं, आई खुशाल. नवव्या दिवशी तार आली की ती गेली. धडधाकट माणूस नऊ दिवसांत जातं? पत्रात आजारपण असणारच. यांनी तेवढंच गाळलं. का, तर मी गेले असते तर घरातलं कोण ओढणार?

मी भांडले नाही. बोलणंच टाकलं. चूल वेगळी केली. पत्रं पेटीत घातली ती पुन्हा उघडली नाहीत. कुणाला वाचायलाही दिली नाहीत. आपल्या आईच्या मरणाचा पंचनामा दुसऱ्याच्या तोंडून कशाला!

तेव्हा माहेरी गेले तर घर बंद. वाटी फडताळात होती. मांजरी दिसली नाही, पिल्लंही नाहीत. गेली असतील कुणाकडे.

आज: पाचवा फर्मा अर्धा. पुलाचे खांब उभे राहिले.

२९ जानेवारी

जाऊबाईंनी वहीबद्दल विचारलं. लिहितेस ना? म्हटलं, लिहिते. "वाच बरं कालचं." बाई गं! चोवीस तारखेचं पान हाताखाली दाबून धरलं आणि कालचं म्हणून पुलाचंच काहीतरी वाचलं.

म्हणाल्या, "म्हणजे आता हाताचं अक्षर लागतं तुला."

माझं मला लागतं.

"मग दुसऱ्याचंही लागेल." थोड्या थांबल्या. "तुझ्या आईची पत्रं आहेत का गं?"

आहेत, म्हटलं. पुढे माझ्या ओठावर आलंच होतं. विचारावं – काय गाळलंत? त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. म्हणाल्या, "वाच. नाव कुठवर आली?"

३ फेब्रुवारी

दहावा संपला. उद्या पूल सुरू होणार. नाव शेवटची फेरी मारणार. पलीकडच्या काठावर कुणीतरी उभं आहे, दिसत नाही कोण. आणि संपला फर्मा! 

जाऊबाई उठून बसल्या, त्यांना उठवत नाही तरी. "मुलगीच असेल. हो ना? बघ ना पुढे!"

पुढे काय बघू, कोरा पुठ्ठा?

५ फेब्रुवारी

अकरावा आला नाही. मालक म्हणाले, "लेखकाने थांबवलाय. त्याला शेवट पसंत नाही म्हणे."

स्वतःच लिहिलेला?

"स्वतःच लिहिलेला."

किती दिवस लागतील? "मला काय विचारतेस, त्याला विचार!" 

विचारलं असतं. घर माहीत असतं तर उंबऱ्यावर जाऊन बसले असते. माणसं मरायला टेकलीत आणि हा पसंत-नापसंत करतोय!

टाचणी म्हणाली, "तूच लिही की शेवट. रोज वही घेऊन बसतेस."

९ फेब्रुवारी

डॉक्टर दिरांना म्हणाला, आता घरीच ठेवा. दीर आमच्या ओट्याशी उभे राहिले आणि नवऱ्याला म्हणाले, "तिला काही लागलं तर..." नवरा इतका थट्टेखोर माणूस, तोही नखं बघत बसला.

जाऊबाईंना कुणी सांगितलं नाही. गरजच नाही.

म्हणाल्या, "धाकटे, ती मुलगी येते की नाही, तेवढं कळू दे. बाकी माझं काही राहिलेलं नाही."

१२ फेब्रुवारी

अकरावा नाही. मागचे फर्मे परत वाचतोय. त्यांना जेवणाऱ्या भावाचं पान परत ऐकायचं होतं.

१४ फेब्रुवारी

आवाज खोल गेलाय. आज तीनदा विचारलं, आला का? तिसऱ्यांदा मी म्हटलं, उद्या येतोय. कसं म्हणाले मलाच माहीत नाही. खोटं बोलायची मला सवय नाही. तोंडावर बोलायची आहे.

१५ फेब्रुवारी

केलं.

दुकानातून कोरा कागद आणला, त्याच जातीचा. घडी घालून सोळा पानं केली. त्यांना कागदाचा आवाज कळतो, म्हणून. जवळ बसले. म्हटलं, आला बघा अकरावा. त्यांनी हात पुढे केला, कागद चाचपला, नाकाशी नेला. शाईचा वास नव्हता! पण कागद माझ्या हातात परत दिला. "वाच."

वाचलं. म्हणजे बोलले. पान उलटत बोलले.

काठावर मुलगीच उभी होती. नाव टेकली. दोघी बोलल्या नाहीत. आई म्हणाली, चढ. मुलीने विचारलं, भाडं किती? आई म्हणाली, शेवटच्या फेरीला भाडं नसतं. मधल्या धारेत आल्यावर मुलीने वल्हं मागितलं. आईने दिलं. मुलीला येत नव्हतं, नाव गोल फिरली. आई म्हणाली, गाढवा, पाण्याशी भांडू नकोस. मुलगी म्हणाली, तुझ्याकडूनच शिकले. मग दोघी हसल्या, नाव गोलच फिरत राहिली. पुलावरचे लोक वाकून बघत होते, या दोघींना काठाला लागायचं आहे की नाही.

संपलं, म्हटलं. घामाने पदर ओला.

मला वाटलं, झोपल्या. मग म्हणाल्या, "चांगला आहे शेवट."

हो, म्हटलं. पसंत पडला वाटतं त्याला.

"आज एकदाही अडखळली नाहीस, धाकटे."

त्यांनी माझा हात शोधला. दाभणाने फाटलेली बोटं एकेक करून चाचपली, फर्मे मोजावेत तशी.

"मीही नव्हते अडखळत," म्हणाल्या.

काय म्हणता, विचारलं. काही नाही म्हणाल्या. पाणी मागितलं. दोन चमचे गेलं. ग्लानीत बोलल्या असतील.

१६ फेब्रुवारी

गेल्या. सकाळी सात वाजता.

१९ फेब्रुवारी

भिंतीतून काही ऐकू येत नाही. फळ्याच त्या. पण आता जाड झाल्यासारख्या वाटतात.

नवरा म्हणाला, "काढून टाकू का ती भिंत? दादा एकटाच आहे." मी म्हटलं, काढ. बावीस वर्षांपूर्वी मीच घालायला लावली होती. 

२६ फेब्रुवारी

अकरावा फर्मा आला. आज!

मालकांनी स्वतः आणून दिला, चांगला, डाग नसलेला. टाचणीने सरकून मला बसायला जागा करून दिली.

जेवणाच्या सुट्टीत वाचला. अर्ध्या तासात सोळा पानं. काठावर कुणी दुसरंच उभं असतं, नाव विकत घ्यायला आलेला माणूस. मुलगी येत नाही. बाई पुलावरून चालत घरी जाते. संपलं.

लेखकाचं बरोबर असेल. माझं जास्त चांगलं होतं.

मग बसून सगळ्या प्रतींना तो शेवटचा फर्मा लावला. शिवल्या. काम ते काम.

२ मार्च

सोळा पानं अर्ध्या तासात! हे आज भांडी घासताना डोक्यात आलं. आणि त्यांचं ते वाक्य, "मीही नव्हते अडखळत." ग्लानीतलं नव्हतं ते. ग्लानीतल्या माणसाला पाणी मागता येत नाही इतकं नीट.

पेटीला हात लावला. उघडली नाही. भीती वाटली. कशाची, ते माझं मला कळेना. जे गाळलं ते आता दिसेल, याची असेल.

३ मार्च

पत्रं काढली. एकोणीस आहेत. पोस्टमनचं मोठं अक्षर, पान भरून. लागलं.

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत. तुम्ही तिकडे खुशाल असावे. घरातील थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. आणखी काय लिहिणे. पत्र पोचल्याचे कळवावे.

दुसरं उघडलं. तेच. तिसरं, तेच. एकोणीसही शब्दाला शब्द तेच, तारीख तेवढी वेगळी. शेवटचंही तेच. खुशाल. काहीच गाळलेलं नाही.

वाटी नाही. तिचं तर मीच नवी असताना जाऊबाईंना सांगितलं होतं. केस विंचरणं नाही. मागची बाजू पाहिली, कोरी.

एकाही पत्रात मांजरी नाही.